टाळ इथलेच

समजा, आसेगावची एक मुलगी आहे. वाशिम जिल्ह्यातलं, मंगरूळपीर तालुक्यातलं आसेगाव. शिवारात सोयाबीन, तूर, कपाशी. गावात हरिनाम सप्ताह. टाळ-मृदंग ऐकतच ही पोर मोठी झाली. आता ती पुण्यात एम. एस्सी. करतेय. एका शनिवारी संध्याकाळी वसतिगृहातली ख्रिस्ती मैत्रीण तिला म्हणते, "आमच्या सहभागितेला येतेस? सगळे आपल्यासारखेच. कोणी एम. ए. करतंय, कोणी पीएच. डी. गाणी म्हणतो, थोडं वाचतो, प्रार्थना करतो, मग चहा."

जाताना तिच्या डोळ्यांपुढे सिनेमातलं चर्च असतं. उंच छत, लाकडी बाकं, रंगीत काचा, इंग्रजी गाणी. आणि दिसतं काय? दाराबाहेर चपलांचा ढीग. आत सतरंजी. भिंतीला टेकवलेली गिटार आणि तिच्या शेजारी ढोलकी. एक जण टाळ उचलतो, दुसरी सूर धरते आणि सुरू होतो अभंग. चक्क अभंग! ठेका तोच, चालीचं वळण तेच, शेवटी कवीची नाममुद्राही तशीच. फक्त ज्याला आळवायचं तो ख्रिस्त. ती मैत्रिणीच्या कानाशी लागते, "अवं, हे तं आपल्या गावच्या भजनावानीच हाय!"

आपण इथंच थांबू या. कारण त्या तासाभरात तिनं जे जे ऐकलं-पाहिलं, त्यातलं काहीही तिथं आपोआप आलेलं नाही. प्रत्येक गोष्टीमागे कोणाचं तरी डोकं आहे, कोणाचं तरी धाडस आहे. त्या एका सतरंजीवर चारशे वर्षं बसली होती. ती एकेक करून उठवून बघू.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करू. शब्दांपासून.

त्या बैठकीत 'मंडळी' हा शब्द सारखा येतो. आमची मंडळी, गावाकडची मंडळी, मंडळीसाठी प्रार्थना. हा चर्चसाठीचा मराठी शब्द. आता आपण एरवी मंडळी कोणाला म्हणतो? लग्नाला आलेली मंडळी, घरची मंडळी, भजनी मंडळी. "काय मंडळी, जेवणं झाली का?" बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे 'एक्लेसिया'. त्याचा अर्थ हाक देऊन जमवलेली माणसं. भिंती नव्हेत, घंटा नव्हे, माणसं! 'चर्च' म्हटलं की आपल्याला इमारत दिसते. 'मंडळी' म्हटलं की चेहरे दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक शब्दाच्या इतक्या जवळ आपला हा रोजचा शब्द जाऊन बसला, हे नवल नाही का?

धर्मगुरूला म्हणतात 'पाळक'. शेळ्या-मेंढ्या पाळतो तो पाळक. लॅटिनमधल्या 'पास्टर'चा अर्थही मेंढपाळच. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं, याला म्हणतात 'साक्ष'. कोर्टातला शब्द! ऐकीव सांगायचं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं, अंगावर आलेलं सांगायचं. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला याहून ओळखीची अट कोणती असेल?

आणि सगळ्यात सुंदर शब्द 'तारण'. पापातून सुटका, उद्धार, या अर्थी मराठी ख्रिस्ती माणूस हाच शब्द वापरतो. आसेगावच्या मुलीनं तो कुठं ऐकलेला असतो? बाजार समितीत! भाव पडले की सोयाबीन गोदामात तारण ठेवायचं, त्यावर पैसे उचलायचे, भाव चढला की सोडवायचं. आणि घरी आजीच्या तोंडी: देव तारी त्याला कोण मारी. एका तारणात पैलतीराला नेणं आहे, दुसऱ्यात कोणीतरी तुमच्यासाठी हमी म्हणून अडकून पडणं आहे. गंमत अशी की बायबलमध्ये दोन्ही अर्थ आहेत. तिथं येशू बुडणाऱ्या पेत्राला हात देऊन वर काढतो, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात त्याच येशूला 'जामीन'ही म्हटलंय. ज्या दोन कल्पनांवर युरोपातल्या पंडितांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले, त्या आपल्या भाषेत एका तीन अक्षरी शब्दात शेजारी शेजारी नांदतात.

शब्द झाले. आता गाणं.

ख्रिस्ताची कथा मराठी छंदात एवढ्या मोठ्या प्रमाणावर बांधणारा पहिला माणूस कोण असेल? एखादा कोकणी शास्त्री? देशावरचा कीर्तनकार? नाही. एक इंग्रज! थॉमस स्टीफन्स. जन्म १५४९, इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातला. १५७९ च्या ऑक्टोबरात जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघातला हा तरुण गोव्याला उतरला. काळ लक्षात घ्या. शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून पन्नास वर्षं आहेत. ईस्ट इंडिया कंपनी जन्मालाही आलेली नाही. आणि हा माणूस गोव्यातल्या साष्टीच्या गावांत बसून इथली भाषा शिकतोय.

साष्टीत त्याला काय दिसलं? नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या हातून जुनी पुराणं काढून घेतली गेली होती. ज्यांच्या संध्याकाळी पुराण ऐकण्यात जात, त्यांच्या संध्याकाळी मुक्या झाल्या होत्या. माणसाला नुसती शिकवण पुरत नाही, त्याला गोष्ट लागते. गोष्टीला चाल लागते. स्टीफन्सनं हे ओळखलं आणि लेखणी हाती घेतली. १६१६ मध्ये राचोल इथं त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. ओव्या किती? १०,९६२! ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास आहेत, म्हणजे आकारानं हा ग्रंथ तिच्याहूनही मोठा. विल्टशरमध्ये जन्मलेल्या माणसानं रचलेला!

पण ओवीच का? ओवीची बांधणी बघा. चार चरण. पहिल्या तिघांना यमकाचा धागा, चौथा आखूड आणि मोकळा. जणू तीन पावलं चालायचं आणि चौथ्यावर श्वास घ्यायचा. याच लयीत जातं फिरतं, याच लयीत पोथी वाचली जाते. ओवी पाठ करावी लागत नाही, ती आपसूक पाठ होते. ज्या समाजात वाचता येणारे थोडे आणि ऐकणारे सगळे, तिथं याहून चांगलं वाहन कुठलं मिळणार? स्टीफन्सच्या ओवीत स्वर्ग 'वैकुंठ' म्हणून येतो. मराठी भाषेच्या कौतुकासाठी तो रत्नाची, फुलाची, सुगंधाची, पक्ष्याची अशी एकेक उपमा शोधत जातो. परक्या माणसानं आपल्या भाषेवरून इतका जीव ओवाळून टाकल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

आणखी एक आश्चर्य. गोव्याच्या छापखान्यात नागरीचे खिळे नव्हते, म्हणून हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. १६४९ आणि १६५४ मध्ये तो पुन्हा छापला. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषांवर फर्मान काढलं. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. मग ग्रंथ टिकला कसा? गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घरांनी तो हातानं उतरवून घेतला, म्हटला, मुलांना म्हणायला लावला. त्या हस्तलिखितांवरून तो १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापला गेला. पुढे लंडनच्या एका ग्रंथसंग्रहात त्याची नागरी लिपीतली प्रतही मिळाली. छापलेलं हरवलं, गायलेलं राहिलं.

आता बैठकीतलं वाचन. मैत्रीण मांडीवर बायबल उघडते आणि सरळ, समजेल अशा मराठीत वाचते. हे तरी सोपं होतं का?

नव्या कराराचं पहिलं छापील मराठी भाषांतर १८११ सालचं. ते झालं कुठं? बंगालमध्ये, श्रीरामपूरला! विल्यम केरी या मूळच्या चांभारकाम करणाऱ्या इंग्रजानं, पंडित वैजनाथ शर्मांच्या मदतीनं. महाराष्ट्राच्या मातीला पाय न लागता महाराष्ट्राच्या भाषेत पुस्तक. धाडस मोठं, पण दुरून केलेल्या स्वयंपाकाला घरची चव कशी यावी? ती आणायला एक बाई यावी लागली.

पण त्या बाईकडे जाण्याआधी जरा मागे, आपल्या वऱ्हाडात जाऊ. तेराव्या शतकाचा शेवट. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं स्थान. चक्रधर स्वामींनंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे होती. त्यांचा एक विद्वान शिष्य संस्कृतात लिहू लागला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं. कारण काय दिलं? असं लिहिलंस तर माझ्या म्हाताऱ्या बायकांना काही कळणार नाही, त्या वंचित राहतील! सातशे वर्षांपूर्वी धर्माच्या भाषेची कसोटी एका म्हातारीच्या कानाला लावली गेली, आणि ती आपल्या भागात.

आता या प्रसंगाशेजारी पंडिता रमाबाई ठेवून बघा. जन्म १८५८. आई-वडिलांनी लहानपणापासून संस्कृत शिकवलेलं. हजारो श्लोक मुखोद्गत. विशीत कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे पुण्याजवळ केडगावला त्यांनी 'मुक्ती' उभं केलं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली, विधवा तिथं आणल्या. त्या मुलींच्या हाती बायबल दिलं, तर ते त्यांना कळेना. शब्द जड, वाक्यं लांब. मग या संस्कृत पंडितेनं काय करावं? ती मूळ हिब्रू शिकली, मूळ ग्रीक शिकली आणि संपूर्ण बायबल खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत उतरवायला बसली. जिच्या जिभेवर सरस्वती, तिनं जाणूनबुजून साधी बोली निवडली!

आणि ते छापलं कोणी? मुक्तीतल्या बायकांनीच. काल दुष्काळात मरता मरता वाचलेल्या हातांनी छापखान्यात खिळे जुळवले, कागद ओढले, पानं बांधली. हे काम जवळजवळ दोन दशकं चाललं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. रिद्धपूरच्या म्हाताऱ्या आणि केडगावच्या पोरी यांच्यामध्ये सहाशे वर्षं आहेत, धर्म वेगळे आहेत. कसोटी मात्र एकच.

आता त्या अभंगाकडे या, ज्यानं आपल्या मुलीला चकित केलं.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ पासून अहमदनगरला स्थिरावले. त्यांनी सोबत आपली गाणी आणली होती. त्या पाश्चात्य सुरावटीत मराठी शब्द बसवायचे म्हणजे काय, हे कल्पून पाहा. नऊवारीला बटणं लावल्यासारखं! शब्द मराठी, आघात परके. मग नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळ्यांसारख्या माणसांनी थेट कीर्तनाची वाट धरली. पूर्वरंगात विषय मांडायचा, उत्तररंगात आख्यान रंगवायचं, मध्ये पदं, हातात चिपळ्या. कीर्तनाचा साचा आहे तसाच ठेवला आणि आख्यान बायबलचं घेतलं. लोक ऐकायला बसले, कारण बसायचं कसं आणि डोलायचं कुठं हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

आणि मग आले नारायण वामन टिळक. शाळेत 'केवढे हे क्रौर्य' वाचताना ज्यांचे डोळे पाणावले, त्यांना हे कवी ठाऊक आहेत. फुलामुलांचे कवी. १८९३ मध्ये नागपूरकडून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. त्यानं नवा करार हाती ठेवला. टिळक वाचत गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्म बदलला म्हणून कान बदलतो का? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असं टिळक म्हणत. पूल ओलांडल्यावर तो मोडून टाकायचा नसतो. टिळकांनी त्याच पुलावरून अभंग आणले, भजनं आणली, पदं आणली. आज मराठी ख्रिस्ती मंडळींच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची पदं मोठ्या संख्येनं आहेत. रविवारी मुंबई-पुण्यापासून विदर्भापर्यंत ती म्हटली जातात.

राहिली ती बैठक. पदवीधर तरुण जमतात, खाली बसतात, कोणाच्याही हाताखाली नसतात, एकमेकांना वाढतात, एकमेकांना विचारतात. ही कल्पना तरी कोणाची?

इथंही टिळकच भेटतात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. अट एकच, ख्रिस्तावर प्रेम आणि माणसांची सेवा. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ ला टिळक गेले. दरबार उठला. कल्पना मात्र उठली नाही.

जॅक विन्स्लो नावाचे ऑक्सफर्डचे एक पदवीधर नगर भागात मिशनरी होते. त्यांनी टिळकांचं चरित्र लिहिलं, आणि १९२२ मध्ये 'ख्रिस्त सेवा संघ' सुरू केला. इंग्रज आणि मराठी माणसं एकत्र राहू लागली. अंगावर खादी, जमिनीवर पंगत, शाकाहारी जेवण, हातानं खाणं. साहेब खुर्चीत आणि नेटिव्ह उभा, अशा त्या काळात! पुढे हा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला आला. १९२७ मध्ये तिथं ऑक्सफर्डचा आणखी एक तरुण येऊन दाखल झाला, व्हेरियर एल्विन. तोच पुढे चर्चची सेवा सोडून मध्य भारतातल्या आदिवासींमध्ये राहिला आणि मानववंशशास्त्रज्ञ म्हणून जगाला माहीत झाला.

आता या गोष्टीतलं सगळ्यात मोठं आश्चर्य. संघातले एक सदस्य, अल्जी रॉबर्टसन, इंग्लंडला परतले. तिथं अँग्लिकन चर्चमध्ये संत फ्रान्सिसच्या नावानं एक बंधुसंघ उभा राहत होता, त्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्या संघानं आपली जीवनतत्त्वं ज्या मसुद्यावरून घेतली, तो होता आपल्या ख्रिस्त सेवा संघाचा! आजही त्या संघाच्या घरांत ही तत्त्वं वाचली जातात. धर्म इंग्लंडहून महाराष्ट्रात आला, असं आपण म्हणत बसतो. इथं तर मराठी मातीत मुरलेली राहणी इंग्लंडला गेली.

विदर्भही यात मागे नाही. वाशिमच्या शेजारी यवतमाळला १९५३ मध्ये 'युनियन बिब्लिकल सेमिनरी' सुरू झाली. देशभरातून, नाना भाषांतून विद्यार्थी त्या कापसाच्या गावात धर्मशास्त्राचं उच्च शिक्षण घ्यायला येत. १९८३ मध्ये ती संस्था पुण्याला हलली. तीस वर्षं यवतमाळनं नागालँडचा आणि केरळचा मुलगा एका पंगतीला बसवला.

शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड. बैठक संपल्यावर घरी जाऊन काय? श्रद्धा खरी उतरते ती स्वयंपाकघरात, सणावारात, लग्नात. चहा पिताना त्या मुलामुलींच्या गप्पा याच असतात. शेजारच्या काकूंनी पूजेचा प्रसाद दिला तर? लग्नात मंगळसूत्र हवं का? गणपतीत मित्राच्या घरी जायचं का? प्रत्येक घराचं उत्तर वेगळं. पण कितीतरी मराठी ख्रिस्ती घरांत लग्नाला हळद लागते, मंगळसूत्र असतं, आणि नाताळात करंज्या, शंकरपाळे, चकल्यांचे डबे शेजारी जातात. कोणी परिषद भरवून हे ठरवलं नाही. आयांनी, आज्यांनी ठरवलं.

यावर मराठीतलं सर्वांत थोर पुस्तक एका शाळेत न गेलेल्या बाईनं लिहिलं. लक्ष्मीबाई टिळक, याच टिळकांच्या पत्नी. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांचं जग कोसळलं. काही वर्षं त्या दूर राहिल्या. सोवळं-ओवळं मनातून एकेका पदरानं गळत गेलं, आणि १९०० मध्ये त्यांनी आपल्या बुद्धीनं बाप्तिस्मा घेतला. ही सगळी घालमेल 'स्मृतिचित्रे'त आहे, आणि ती आहे स्वयंपाकघराच्या भाषेत. तिथं मोठमोठे धर्मविचार पाण्याच्या घोटावर आणि ताटावर येऊन ठरतात. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य थोडेच अध्याय लिहून मागे ठेवलं होतं. पुढचे साठाहून अधिक अध्याय कोणी लिहिले? लक्ष्मीबाईंनीच. शाळा न पाहिलेल्या बाईनं महाकाव्य पुढे नेलं!

ही वाट अजून चालूच आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे तेच अध्यक्ष होते.

आता पुन्हा त्या खोलीत जाऊ. चहाचे कप धुतले जातायत, कोणी टाळ पिशवीत ठेवतंय. आसेगावची मुलगी तिच्या श्रद्धेसह घरी जाईल, तिची मैत्रीण आपल्या. कोणी कोणाचं काही हिरावून घेतलेलं नाही. पण आज एकीला दुसरीच्या प्रार्थनेत आपल्या आजीचा सूर ऐकू आला, आणि ही लहान गोष्ट नाही. तालुक्याच्या नावातच 'पीर' असलेल्या मुलखातल्या पोरीला हे कोणी वेगळं समजावून सांगायला नको.

वाचकहो, तुमच्याही ओळखीत एखादं मराठी ख्रिस्ती कुटुंब असेल, वर्गात एखादी मैत्रीण असेल. नाताळचा केक खायला जाल तेव्हा एवढं करा. त्यांना त्यांचं एखादं भजन म्हणायला सांगा आणि डोळे मिटून ऐका. शब्द नवे वाटतील. टाळ मात्र इथलेच असतील.